जागल्याची झोप

मनमाडच्या रेल्वे वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना एक शिस्त कुणी मुद्दाम शिकवावी लागली नाही. भर दुपारी एखाद्या क्वार्टरचे दार लोटलेले दिसले, खिडकीवर गोधडी टांगलेली दिसली, की मुलांचा विटीदांडूचा डाव आपोआप पलीकडच्या गल्लीत हलत असे. 'अमक्याचे वडील रात्री गाडी घेऊन आलेत' एवढे सांगणे पुरे होई. आम्हा उभयतांपैकी एकाचे लहानपण याच वसाहतीत सरले. दुसरी लग्नानंतर श्रीरामपूरकडून येथे आली आणि आल्या आल्या पहिली गोष्ट हीच शिकली, की या घरात दुपारी भांडी आपटायची नाहीत.

घरात झोपलेले असत ते अण्णा, एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. मनमाड-काचीगुडा मीटरगेजवर वाफेच्या इंजिनाचे ते ड्रायव्हर. पुढे १९९० च्या दशकात ती लाईन रुंद झाली, वाफेची इंजिने गेली. परंतु अण्णांच्या ऐन उमेदीचा काळ कोळसा आणि धूर यांतच गेला. अवेळी कॉलबॉय दारावर थाप मारी, वही पुढे करी, अण्णा कंदिलाच्या उजेडात सही करीत आणि डबा घेऊन निघत. परत आले की अंघोळ, भाकरी आणि झोप. ती झोप म्हणजे आमच्या घरातील एक व्रतच होते. संध्याकाळची जपमाळदेखील माई आम्हाला हलक्या आवाजात म्हणायला लावीत. एकदा कुणीतरी कुरकुर केली, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले होते, "मी घरी झोपलो नाही, तर गाडीतली माणसं निर्धास्त कशी झोपतील?"

हे वाक्य आम्ही पुढे पुष्कळ वर्षे विसरून गेलो होतो. त्याची आठवण आम्हाला आमच्या धाकट्या लेकीने करून दिली, आणि तीही आम्हाला लाज वाटावी अशा प्रसंगी. ती हकीकत या पानांतून सांगावी की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. परंतु आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले-मुली डॉक्टर, परिचारिका होत आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या उपयोगी पडेल म्हणून ती सांगत आहोत.

धाकटी २०२२ साली एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी.च्या शिक्षणासाठी दाखल झाली. विषय भूलशास्त्र. नातेवाइकांना ते फारसे रुचले नाही. "एवढं शिकून इंजेक्शन देऊन निघून जायचं?" असे एका काकूंनी विचारले. खरे सांगायचे तर आमचीही समजूत याहून फार निराळी नव्हती.

वास्तविक भूलतज्ज्ञ निघून जातच नाही. सर्जन आपल्या जागी असतो, रुग्ण आपल्या गुंगीत असतो, आणि या दोघांच्या मध्ये एक माणूस रुग्णाच्या उशाशी उभा राहून त्याचा श्वास, त्याची नाडी, त्याचा रक्तदाब, त्याच्या रक्तातील प्राणवायू यांवर क्षणोक्षणी नजर ठेवीत असतो. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाला स्नायू शिथिल करणारे औषधही दिले असेल, तर त्याला स्वतःचा श्वासही घेता येत नाही. श्वासनलिकेत नळी घालून तो श्वास भूलतज्ज्ञाला चालवावा लागतो. पूर्वी आपल्या गावगाड्यात जागल्या असे. गाव झोपले की तो जागा राही. भूलतज्ज्ञ हा शस्त्रक्रियागृहातील जागल्या आहे, असे आम्हाला लेकीचे बोलणे ऐकता ऐकता उमगत गेले.

या शास्त्राचा इतिहासही तिनेच आम्हाला सांगितला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन वेदनारहित शस्त्रक्रिया शक्य असल्याचे सर्वांसमक्ष दाखविले. म्हणून तो दिवस जगभर भूलदिन म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतिणींसाठी क्लोरोफॉर्म वापरले. वेदना ही देवाने दिलेली, ती टाळणे पाप, असा आक्षेप निघताच सिम्प्सन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाकडे बोट दाखविले: आदामाची फासळी काढण्यापूर्वी परमेश्वराने त्याला गाढ झोप आणली नव्हती काय? आपल्या ख्रिस्तसभेनेही या विषयाची दखल घेतली आहे. इटलीतील भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी सविस्तर उत्तर दिले आणि रुग्णाची वेदना शमविणे धर्माला धरून आहे, असा निर्वाळा दिला. हे सारे ऐकून आमच्या मनात लेकीच्या विषयाबद्दल आदर निर्माण झाला. मात्र त्या विषयाची किंमत तिला कशी मोजावी लागत आहे, हे कळायला आणखी एक वर्ष जावे लागले.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीस ती दोन दिवसांच्या रजेवर घरी यायला निघाली. आम्ही स्टेशनवर उभे. गाडी आली, थांबली, निघून गेली. धाकटीचा पत्ता नाही. फोन वाजत होता, उचलला जात नव्हता. तीन तासांनी भुसावळहून तिचा फोन आला. गाडीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता, तो मनमाड गेल्याचे तिला कळलेच नाही. आम्ही हसलो, शेजारीही हसले. ड्रायव्हरची नात मनमाड चुकली, अशी थट्टा झाली. रात्री जेवताना तिने सहज सांगितले की निघण्यापूर्वी ती सलग चौतीस तास ड्युटीवर होती. मग आमचे हसू मावळले.

त्याच रात्री आईजवळ तिने दुसरी गोष्ट बोलून दाखविली. काही आठवड्यांपूर्वी अशाच लांबलेल्या ड्युटीत पहाटे सिझरची शस्त्रक्रिया चालली होती. बाळंतिणीला पाठीतून भूल दिलेली होती, ती शुद्धीवर होती, तिला मळमळत होते. उलटी थांबविणारे औषध देण्यासाठी धाकटीने ट्रेमधील सिरिंज उचलली. शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर सिस्टरने एकदम तिचे मनगट धरले. हातातील सिरिंज होती स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाची, आणीबाणीसाठी भरून ठेवलेली. दोन्ही औषधे पाण्यासारखी, आणि सिरिंजवर चिठ्ठी लावलेली नव्हती. ते औषध शरीरात गेले असते तर त्या जाग्या बाईचा श्वास थांबला असता. "आई, त्या बाईला काही झालं नाही," धाकटी म्हणाली, "पण मला रोज पहाटे तो हात आठवतो."

आम्ही दोघेही त्या रात्री झोपलो नाही.

यानंतर आम्ही या प्रश्नाची माहिती काढू लागलो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले होते की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हातडोळ्यांचे काम, रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंदावते. आपल्या देशात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे ज्या अवस्थेत गाडी चालविली तर पोलीस पकडतील, त्याहून वाईट अवस्थेत आपण कोवळ्या मुलांना दुसऱ्याचा श्वास चालवायला सांगतो. इंग्लंडमध्ये २०१५ साली एक तरुण प्रशिक्षणार्थी भूलतज्ज्ञ रात्रपाळी संपवून घरी मोटार चालवीत जात असता चाकावरच झोप लागून मृत्युमुखी पडला. त्यानंतर तेथील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने प्रशिक्षणार्थींची पाहणी केली. २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. दोन हजारांहून अधिक जणांनी उत्तरे दिली आणि त्यांपैकी ५७ टक्क्यांनी रात्रपाळीनंतर घरी जाताना आपला अपघात झाला किंवा होता होता टळला, असे लिहिले. त्या संघटनेत प्रशिक्षणार्थींची स्वतःची निवडलेली समिती आहे, तिचा आवाज ऐकला जातो. त्यातून विश्रांतीच्या खोल्या, रात्रपाळीतील छोटी झोप, घरी जाण्यापूर्वीची विश्रांती यांची चळवळ उभी राहिली.

आपल्याकडे नियम नाहीत असे मात्र नव्हे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजीच निवासी डॉक्टरांना सामान्यतः आठवड्याला ४८ तास आणि सलग बारा तासांहून अधिक काम देऊ नये, असे निर्देश दिले होते. धाकटीचा जन्मही त्या वेळी झालेला नव्हता. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमावलीत तासांचा आकडा नाही; कामाचे तास वाजवी असावेत, विश्रांतीला वाजवी वेळ मिळावा आणि आठवड्याची सुटी असावी, एवढे म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती, हे ठरवायचे कुणी?

हाच प्रश्न तिच्या विभागातील मुलांनी विचारायचे ठरविले आणि विचारायला पुढे केले आमच्या धाकटीला. तिने फोनवर सांगितले, "पप्पा, ज्युनिअर मुलं म्हणतायत, विभागाकडून तू बोल. आम्ही अर्ज लिहितोय. रात्रपाळीनंतर दुसऱ्या दिवशी घरी सोडावं, झोपायला एक खोली असावी, सिरिंजवर चिठ्ठी लावणं सक्तीचं करावं, आणि रात्री अडलं तर कोणत्या सीनियरला बोलवायचं त्याचा नंबर भिंतीवर लावावा. तुम्हाला काय वाटतं?"

वाचकहो, आम्ही तिला काय सांगितले, ते प्रामाणिकपणे लिहितो. आम्ही म्हणालो, "बाळा, तुला परीक्षा पास व्हायची आहे. पुढे व्हायची तुला काय गरज? प्रबंधावर सही कोण करणार? दीड वर्ष राहिलं आहे, गप्प राहून काढ." आईने तर शपथ घातली.

याला मागचा एक संदर्भ होता. २ जानेवारी २०२३ रोजी निवासी डॉक्टरांच्या 'मार्ड' या संघटनेने राज्यभर संप पुकारला. वसतिगृहांची दुरवस्था दूर करावी, वरिष्ठ निवासी डॉक्टरांच्या जागा वाढवाव्यात, अशा त्यांच्या मागण्या होत्या. धाकटी तेव्हा नुकतीच दाखल झाली होती. दूरदर्शनवर रुग्णांच्या रांगा पाहून आम्ही चिडलो होतो. 'रुग्णांना ओलीस धरणारी ही कसली सेवा?' असे मिस्सेनंतर चर्चच्या आवारात आम्ही चारचौघांत बोललोही होतो. रुग्णाचे हाल होऊ नयेत हे आमचे मत आजही कायम आहे. परंतु त्या संपामागे अशा कितीतरी धाकट्या असतील आणि त्यांनी आधी कितीतरी अर्ज लिहिले असतील, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग तिने विचारले, "१९७४ साली तुम्ही अण्णांना असंच सांगितलं असतं का?"

ज्यांना ते वर्ष आठवते त्यांना अधिक सांगायला नको. आधी १९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिनचालकांनी देशभर काम थांबविले होते, कारण एकेका ड्रायव्हरला चौदा-सोळा तास इंजिनावर उभे राहावे लागे. त्यातून सलग दहा तासांच्या मर्यादेचे आश्वासन पदरात पडले. मग ८ मे १९७४ पासून जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा तो अभूतपूर्व संप झाला. आठ तासांचा दिवस ही त्यातील एक मागणी होती. तो २७ मे रोजी मागे घ्यावा लागला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आले. मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात त्या वीस दिवसांची आठवण कितीतरी घरांत आहे. माईंनी दाराशी आडव्या होऊन अण्णांना विनविले होते की चार पोरे आहेत, तुम्ही पुढे होऊ नका. अण्णा म्हणाले होते, "डुलकी लागून सिग्नल चुकला तर गाडीत चारशे पोरं असतात."

संप फसला, परंतु ड्रायव्हरच्या विश्रांतीचा प्रश्न पुन्हा कुणाला दडपून टाकता आला नाही. आज रेल्वेत आठ तासांहून अधिक काम करून मुख्यालयी परतलेल्या चालकाला सोळा तास विश्रांती देण्याचा नियम आहे. बाहेरगावी त्याच्यासाठी रनिंग रूम असते, तेथे खाट आणि जेवण असते. ते पाळले जावे म्हणून चालकांना आजही भांडावे लागते, हे आम्ही जाणतो. पण भांडायला हातात नियम तरी आहे. मनमाडच्या स्टेशनवरून रोज जाणाऱ्या हजारो प्रवाशांना याची जाणीवही नसते. ते गाढ झोपतात, कारण कधीकाळी कुणीतरी पुढे होऊन बोलले होते.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली आपल्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात श्रमिकांना विश्रांतीचा आणि एकत्र येऊन आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार असल्याचे सांगितले. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या परमगुरुस्वामींनी लिओ हेच नाव धारण केले, तेव्हा त्या परिपत्रकाची आठवण जगभर निघाली. आपल्या धर्मग्रामांत त्यावर व्याख्याने झाली आहेत, आम्ही ती ऐकली आहेत, टाळ्याही वाजविल्या आहेत. परंतु तो अधिकार स्वतःच्या लेकीने वापरायचे म्हटले तेव्हा आम्ही तिला शपथ घातली. एलियाची गोष्ट आपण सर्वांना ठाऊक आहे. थकून, मरण मागत तो झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याने त्याला भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि मगच पुढच्या वाटेला लावले. आम्ही आमच्या मुलीला मात्र उपदेश तेवढा केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला फोन केला आणि शपथ मागे घेतली. अर्ज कसा लिहावा हे आमच्या घराला ठाऊक होते. अण्णांच्या ट्रंकेत तसल्या कागदांच्या नकला अजून आहेत. आम्ही एवढेच सुचविले, की कुणाही व्यक्तीवर आरोप करू नका. प्रत्येक मागणीपुढे रुग्णाला त्याचा काय लाभ ते लिहा. १९९२ च्या निर्देशांची प्रत जोडा. आणि एकटीने जाऊ नको, सगळ्यांच्या सह्या घे.

अर्जाचे काय झाले? फार मोठे काही झाले नाही. सुरुवातीस टोमणे बसले. आमच्या वेळी आम्ही बहात्तर तास उभे राहत होतो, असे तिला ऐकवले गेले. परंतु त्याच विभागातील एका ज्येष्ठ मॅडमनी तो अर्ज बैठकीत वाचून दाखविला आणि त्या सिरिंजच्या प्रसंगासारखा प्रसंग स्वतःच्या तरुणपणातला सांगितला. दोन महिन्यांनी एक अडगळीची खोली रिकामी झाली, तिच्यात दोन खाटा आल्या. सिरिंजवर रंगीत चिठ्ठ्या लागू लागल्या. भिंतीवर रात्रीच्या सीनियरचे नाव आणि नंबर आला. रात्रपाळीनंतरची सुटी मात्र कधी मिळे, कधी बुडे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नसावे, आठवड्यातून एक दिवस सुटी आणि रोज सात ते आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस केली. १९९२ चे ४८ तास कुठे आणि हे ७४ कुठे! तरीही धाकटीने तो आकडा आम्हाला आनंदाने कळविला, यावरूनच त्या मुलांची स्थिती ध्यानी यावी.

हा प्रश्न मोठ्या शहरांतील महाविद्यालयांचाच आहे, असे कुणी समजू नये. मनमाडसारख्या गावात रात्री एखादी बाळंतीण अडली की पहिला प्रश्न असतो, भूल देणारे डॉक्टर आहेत का? नसतील तर तिला नाशिकचा किंवा मालेगावचा रस्ता धरावा लागतो. नाशिक येथून रेल्वेनेच पाऊणशे किलोमीटर आहे. भूलतज्ज्ञांची ही टंचाई पाहूनच सरकारला एम.बी.बी.एस. डॉक्टरांना काही आठवड्यांचे भूल देण्याचे प्रशिक्षण देऊन ग्रामीण रुग्णालयांत पाठवावे लागले. अलीकडे एम.डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करावे लागते. धाकटीनेही ते केले. ती म्हणाली, "तिथं माझ्या मागे कुणी नव्हतं. शिकताना नीट शिकवलं गेलं नसतं, तर तिथं माझे हात कापले असते." थकून, घाबरून, कसेबसे तीन वर्षे काढलेली मुले पुन्हा लहान गावांकडे वळतील, ही आशा कशाच्या बळावर धरायची?

धाकटी आता एम.डी. झाली आहे. प्रबंधावर सही झाली, परीक्षाही झाली. आमची भीती बहुतांशी आमच्याच मनाची होती. विभागातील मुलांनी नंतर आपल्यातून दुसरा प्रतिनिधी निवडला. तो आमच्या धाकटीला फोन करून अर्जातील भाषा विचारतो, आणि कधी कधी ती त्याला म्हणते, "पप्पांशी बोल."

ज्यांच्या घरी असे मूल शिकत आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे, की फोनवर गुणांची चौकशी करण्याआधी झोपेची चौकशी करा. आणि ते मूल चार जणांच्या वतीने काही बोलायला निघाले, तर त्याची वाट अडवू नका. ते ज्याच्या उशाशी उभे राहते तो रुग्ण त्या वेळी स्वतःसाठी बोलू शकत नसतो.

हे लिहीत असताना धाकटी घरी आली आहे. रात्रीची ड्युटी करून सकाळच्या गाडीने आली. या खेपेस मनमाडला बरोबर उतरली. आतल्या खोलीत झोपली आहे. खिडकीवर आम्ही माईंची जुनी गोधडी टांगली आहे. आज कुकर लावलेला नाही, भात पातेल्यात शिजतो आहे. मघाशी शेजारचा नातू चेंडू घेऊन दारात आला होता. त्याला आम्ही खुणेनेच सांगितले, पलीकडे जाऊन खेळ.